बाळंतिणीचे बळ

जबलपूर शहरातील राइट टाउन आणि त्याच्या शेजारचे नेपियर टाउन ही नावे इंग्रजी अमदानीतील. परंतु या शहराशी मराठी माणसाचा संबंध त्याहून जुना आहे. १७८१ मध्ये जबलपूर सागरच्या मराठ्यांच्या हाती आले, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी ते घेतले. पुढे १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. तेव्हापासून १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूरची राजधानी नागपूरच होती. कारकून, वकील, शिक्षक, वैद्य अशी मराठी कुटुंबे नर्मदाकाठी स्थायिक झाली ती या नात्याने. त्यांच्या बिऱ्हाडासोबत त्यांची भाषा आली, सणवार आले आणि बाळंतपणाचे शास्त्रही आले.

हे शास्त्र घरातील वडील स्त्रियांच्या हाती असे. अंधारी, उबदार खोली, बाजेखाली शेगडी, ओव्या-शेपांची धुरी, अंगाला तेल, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर, कमरेपासून वर घट्ट गुंडाळलेला पट्टा, आणि सव्वा महिना घराबाहेर पाऊल टाकावयाचे नाही. या रिवाजाची मुळे फार खोल आहेत. प्रसूतीनंतर स्त्रीच्या पोटाला तूप-तेल लावून ते मोठ्या वस्त्राने वेष्टावे, म्हणजे रिकाम्या झालेल्या जागेत वायू शिरून विकार करणार नाही, असे चरकसंहितेत सांगितले आहे. सूतिकेचा काळ दीड महिन्याचा, असेही आयुर्वेदाचे मत आहे. कारणमीमांसा आज पटो वा न पटो, प्रसूती हा शरीरावरील मोठा आघात आहे आणि तो भरून येण्यास अवधी लागतो, ही मूळ जाण मात्र अचूक होती.

हा आघात नेमका कोठे होतो, हे पाहिले पाहिजे. पुढचे जघनास्थी आणि मागचे माकडहाड यांच्या दरम्यान स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशय यांचा भार ती पेलते. गर्भारपणात हा भार महिन्यागणिक वाढतो, आणि प्रसूतीच्या वेळी बाळाचे डोके याच झोळीतून बाहेर येते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये संगणकावर जे गणित मांडले, त्यानुसार या झोळीतील मधले स्नायू त्या क्षणी आपल्या लांबीच्या तिपटीहून अधिक ताणले जातात. बहुतेक स्त्रियांत ते हळूहळू सावरतात. ज्यांच्यात सावरत नाहीत, त्यांना खोकताना, हसताना लघवी आवरत नाही. कमरेत आणि ओटीपोटात जडपणा राहतो. आणि काहींच्या बाबतीत, बायकांच्या भाषेत सांगावयाचे तर, ‘अंग बाहेर येते’.

जुन्या बाळंतपणाने या झोळीला विश्रांती दिली, पण व्यायाम दिला नाही. पट्टा पोट आवळतो. खालच्या स्नायूंना तो बळ देऊ शकत नाही, उलट फार घट्ट बांधला तर त्यांच्यावरील दाब वाढवितो. शिवाय ही विश्रांती तरी सर्वांच्या वाट्याला कोठे येत होती? माहेर सुस्थितीत असलेल्या लेकीला सव्वा महिना मिळे. परक्याच्या शेतात राबणारी किंवा डोक्यावर ओझे वाहणारी स्त्री त्याच्या आतच पुन्हा कामावर उभी राही. गिरण्या-कारखान्यांतील स्त्रियांना सक्तीची रजा आणि थोडे वेतन द्यावे, असा कायदा हिंदुस्थानात प्रथम मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये झाला. त्याच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात पाठिंबा दिला होता. पाठोपाठ १९३० मध्ये मध्यप्रांताने असाच कायदा केला, आणि जबलपूर त्याच प्रांतात होते. १९६१ च्या अखिल भारतीय कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी ती सव्वीस आठवडे झाली. तथापि, शेतमजूर आणि मोलकरीण या रजेच्या बाहेरच राहिल्या.

घरातील बाळंतपण दवाखान्यात जावयास आरंभ झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाने स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी स्थापन झाला. दुसऱ्याच वर्षी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. प्राचीन आर्यांचे प्रसूतिशास्त्र हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. जुने ज्ञान आणि नवे शास्त्र यांना एकमेकांसमोर बसविण्याचा तो एक आरंभ होता. पण १८८७ मध्ये आनंदीबाईंच्या अकाली मृत्यूने तो तेथेच थांबला. जबलपुरात स्त्रियांसाठी लेडी एल्गिन यांच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले. आज ते राणी दुर्गावतीच्या नावाने ओळखले जाते, तरी ‘एल्गिन’ हे नाव मागे राहिलेच. १९५५ मध्ये शहरात वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि राइट टाउन ही तर पुढे डॉक्टरांच्या दवाखान्यांची वस्ती म्हणूनच ओळखली जाऊ लागली.

दवाखान्याने जीव वाचविले. त्याचे उपकार अपार आहेत. पण त्याची दृष्टी आई जगली, बाळ जगले येथपर्यंतच पोहोचत असे. घरी गेल्यावर त्या स्त्रीला उठता-बसता काय होते, हे विचारणारे कोणी नव्हते. शस्त्रवैद्यांनी मात्र मोठे कार्य केले. मूळचे गोव्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी मुंबईत, खाली उतरलेले गर्भाशय पट्टीच्या आधाराने मागील हाडाशी टांगून ठेवण्याची शस्त्रक्रिया सिद्ध केली. डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी ते पोटाच्या पुढील भिंतीशी बांधण्याची पद्धत रूढ केली. तरुण स्त्रीचे गर्भाशय काढून न टाकता तिचे मातृत्व शाबूत ठेवावे, हा दोघांचाही हेतू होता. तथापि, शस्त्रक्रिया ही झोळी सैल झाल्यानंतरची गोष्ट. ती सैल होऊ नये यासाठी काय करावे?

याचे उत्तर प्रथम शोधले ते परिचारिकांनी व व्यायामशिक्षिकांनी. १८९४ मध्ये लंडनमधील चार परिचारिकांनी मर्दनकलेची जी संस्था काढली, तिच्यातून पुढे भौतिकोपचाराचा व्यवसाय वाढला. त्याच शहरातील सेंट टॉमस रुग्णालयात मिनी रँडल यांनी १९१२ पासून बाळंतिणींना खाटेवरच करावयाचे व्यायाम शिकविले. १९३६ मध्ये मार्गारेट मॉरिस या नर्तकीने श्रोणितलाचे स्नायू आकुंचित करण्याचा व्यायाम ग्रंथात मांडला. १९४८ मध्ये लॉस अँजलिसचे डॉ. आर्नल्ड केगेल यांनी हे आकुंचन मोजणारे दाबमापक साधन वापरून दाखविले, आणि आपला स्नायू आवळला जात आहे हे स्त्रीला काट्यावर प्रत्यक्ष दिसू लागले. व्यायामाला नाव मिळाले ते केगेल यांचे.

व्यायाम अगदी साधा आहे. लघवी आणि वायू एकाच वेळी रोखावयाचे आहेत अशा रीतीने आतले स्नायू वर ओढावयाचे, काही सेकंद धरावयाचे आणि तितक्याच सावकाश सोडावयाचे. श्वास कोंडावयाचा नाही, पोट आवळावयाचे नाही, आणि प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करावयाचा नाही. दिवसातून तीन वेळा, निदान तीन महिने. गर्भारपणाच्या आरंभापासून तो केला तर पुढे लघवी न आवरण्याचा त्रास कमी होतो, हे अनेक चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. अडचण एकच: कित्येक स्त्रिया न कळत उलट खाली जोर देतात. तेथेच जाणत्या भौतिकोपचारतज्ज्ञाची गरज लागते. भारतात या शास्त्राचे पहिले विद्यालय मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या आरंभी निघाले. पण त्याच्या डोळ्यांपुढे होते पोलिओने लुळी पडलेली मुले. बाळंतिणीची पाळी फार उशिरा आली.

इतका उशीर का झाला? १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका संशोधनातून या प्रश्नावर लख्ख प्रकाश टाकला. जबलपूरप्रमाणेच एकेकाळी मध्यप्रांतात असलेल्या गडचिरोलीच्या भागात, दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी कधीही तपासणी झाली होती ती केवळ ८ टक्के स्त्रियांची. रोग होते, वेदना होत्या; नव्हती ती बोलण्याची सोय. ‘बाईच्या जातीला हे असायचेच’ या एका वाक्याने पिढ्यान्पिढ्यांचे दुखणे पदराआड झाकले गेले.

वास्तविक या उपचाराला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. लागतो तो एक प्रश्न, जो सुईणीने, डॉक्टराने, सासूने किंवा आईने बाळंतिणीला मोकळेपणाने विचारावयास हवा. बाळाचे वजन किती भरले हे सारे घर विचारते. त्याच्या आईला आता खोकताना त्रास होतो काय, हेही त्याच घराने विचारले, तर सव्वा महिन्याची ती जुनी काळजी खऱ्या अर्थाने पुरी होईल.