कडी नसलेलं दार

खूप दिवसांनी लिहायला बसलो आहे. कारण तसं घरगुतीच आहे, पण ते सांगता सांगता इतिहासात शिरावं लागणार. चाळीस वर्षांची खोड आहे, जाता जात नाही.

मागच्या पावसाळ्यात मी बाथरूममध्ये घसरून पडलो. फार काही लागलं नाही, पण आतून कडी लावलेली आणि मला उठता येईना. मुलाने दार फोडलं. दुसऱ्या दिवशी सुतार आणून त्याने नवं दार बसवलं आणि त्याला कडीच ठेवली नाही. "बाबा, तुम्ही आत गेलात की आम्ही येत नाही, कडी कशाला हवी?" मी वरवर हसलो, पण मनातून मला तो अपमान वाटला. पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाला अंघोळीपुरतं तरी आपलं राज्य असू नये?

अशात दिवाळीच्या तोंडावर फिनलंडहून भाचीचा फोन आला. ती ताम्पेरे नावाच्या गावी असते. म्हणाली, "मामा, इथे ना बंब, ना घंगाळ. नरकचतुर्दशीला पहाटे तेल लावून आम्ही सगळे सौनात जाऊन बसणार. तेच आमचं अभ्यंगस्नान." सौना म्हणजे काय ते मी तिच्याकडून नीट समजून घेतलं. लाकडी फळ्यांची एक लहानशी खोली. कोपऱ्यात भट्टी, भट्टीवर दगड. ते तापले की त्यांच्यावर ओगराळ्याने पाणी टाकायचं. चर्र आवाज होतो आणि वाफेचा लोट अंगावर येतो. त्या वाफेला त्यांच्या भाषेत खास शब्द आहे, ल्योयल्यू. बाकावर गप्प बसायचं, घाम गाळायचा, मग बाहेर पडून तळ्यात बुडी मारायची, की पुन्हा आत. पंचावन्न-छप्पन्न लाख वस्तीच्या देशात असे सौना तीस लाखांच्या आसपास आहेत म्हणे. ताम्पेरेतच एक सार्वजनिक सौना १९०६ सालापासून चालू आहे. २०२० साली युनेस्कोने ही सगळी रीत जगाचा वारसा म्हणून नोंदवून घेतली. साहेब आणि नळदुरुस्तीवाला एकाच बाकावर उघडे बसतात, आणि त्यालाच ती माणसं चैन म्हणतात!

बोलता बोलता ती सहज म्हणाली, "आणि मामा, सौनाच्या दाराला कडी नसते बरं का. दार बाहेरच्या बाजूला उघडतं, नुसतं ढकललं की झालं. आत कुणाला घेरी आली तर?"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून होतो. आमच्या नगरच्या इतिहासातली सगळ्यात भयंकर अंघोळ मला आठवली होती.

नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, मलिक अहमद निजामशहाने १४९०च्या दशकात वसवलं. इथे पाऊस बेताचा, नदी सीनेसारखी, वर्षातले बरेच महिने नुसती नावाची. तरीही निजामशाहीने या गावाला बागांचं गाव केलं. कापूरवाडी, शेंडी, वडगाव, नेप्ती, भिंगार अशा आजूबाजूच्या गावांतून जमिनीखालून खापरी नळ घालून पाणी आणलं. सावेडीकडे हश्त बिहिश्त नावाची बाग केली. हश्त बिहिश्त म्हणजे आठ स्वर्ग. एक स्वर्ग पुरत नव्हता बहुधा.

या सगळ्यांत देखणा तो फराहबाग. शहराच्या आग्नेयेला, भिंगारच्या अंगाला. मोठ्या चौकोनी तळ्याच्या मधोमध अष्टकोनी दुमजली महाल. उन्हाळ्यात पाण्यावरून येणारा वारा कमानींतून आत शिरायचा आणि जाड चुनेगच्ची भिंती दिवसभर गार राहायच्या. विजेशिवाय केलेली ही वातानुकूलित व्यवस्था. पहिलं बांधकाम सुलतानाला पसंत पडलं नाही, ते पाडून पुन्हा बांधलं आणि १५८३ साली महाल पुरा झाला. शहाजहानला ताजमहाल इथूनच सुचला असं नगरकर छातीठोकपणे सांगतात. मी वर्गात कधी सांगितलं नाही. पुरावा नाही.

हा महाल ज्याच्यासाठी झाला तो मुर्तजा निजामशहा १५६५ मध्ये गादीवर आला तेव्हा पोरवयाचा होता. तालिकोटच्या लढाईतल्या हुसेन निजामशहाचा मुलगा, आपल्या चांदबिबीचा भाऊ. सुरुवातीला आईने, खुंजा हुमायूनने, कारभार पाहिला. पुढे चंगीजखान नावाचा हुशार आणि इमानी वजीर मिळाला. त्याच्या जोरावर १५७४ मध्ये वऱ्हाड जिंकलं. मग दरबारातल्या कुणी सुलतानाच्या कानाशी लागून सांगितलं, की चंगीजखानाला वऱ्हाडात स्वतःच राजा व्हायचं आहे. सुलतानाने त्याला विष पाठवलं. त्याने ते घेतलं. तो निर्दोष होता हे सुलतानाला नंतर कळलं.

इथून पुढे मुर्तजा माणसांतून उठला. राज्य वजिरांवर सोपवून तो बागांमध्ये, महालांमध्ये स्वतःला कोंडून घेऊ लागला. लोक त्याला दिवाना म्हणू लागले. कारभार पुढे सलाबतखानाने चांगला चालवला. चांदबिबीचा महाल म्हणून आपण डबे घेऊन ज्या डोंगरावर जातो ती या सलाबतखानाची कबर आहे, हे माझ्या विद्यार्थ्यांना तरी लक्षात असावं. गॅझेटियरमध्ये लिहिलं आहे, की सुलतान फराहबागेत दिल्लीच्या एका गवयाबरोबर बुद्धिबळ खेळत बसे. त्या गवयाला त्याने फतेहशहा असं नाव दिलं होतं आणि बागेतच त्याला वेगळा लाकडी महाल बांधून दिला होता.

आमच्या शाळेची सहल एकदा फराहबागेत नेली होती. तळं कोरडं ठणठणीत, वटवाघळांचा वास. मी तळ्याची लांबी-रुंदी सांगत होतो. एका मुलाने विचारलं, "सर, मग राजाला इथं झोप लागायची का?" मी त्याला म्हटलं, मध्ये बोलू नकोस. आज वाटतं, त्या दिवशी विचारण्यासारखा प्रश्न तेवढाच होता.

झोप लागत नसणारच. मुर्तजाला स्वतःच्या मुलाचं, मीरान हुसेनचं भय वाटू लागलं. तो आपल्याला मारून गादी घेईल हा संशय. एकदा मुलगा झोपलेला असताना त्याने त्याच्या अंथरुणाला आग लावली आणि दार बाहेरून बंद करून घेतलं. पोराच्या किंकाळ्या ऐकून त्याच फतेहशहाने दार उघडून त्याला बाहेर काढलं. मग राजपुत्राला दौलताबादला ठेवलं. तिथून १५८८ मध्ये मिर्झाखान नावाच्या सरदाराने त्याला नगरला आणलं. मुलगा तलवार उपसून बापाच्या महालात शिरला. नंतर बापाला हमामात नेऊन घातलं, दारं-खिडक्या घट्ट बंद केल्या आणि खाली मोठा जाळ केला. हमाम म्हणजे जमिनीखाली भट्टी असलेलं गरम पाण्याचं न्हाणीघर, थंडीत अंग शेकून सुस्तावण्यासाठी केलेलं. वाफेने आणि धगीने सुलतान गुदमरून मेला.

हे लिहून ठेवणारा फरिश्ता त्या दिवशी तिथे पहाऱ्यावर हजर होता. त्याचा बाप या राजपुत्राला फारशी शिकवण्यासाठी नगरला आला होता. दोन्ही मुलं बरोबरीने शिकलेली. कापाकापी चालू असताना राजपुत्राने फरिश्त्याला ओळखलं आणि त्याचा जीव वाचला. पुढे तो विजापूरला गेला आणि त्याने आपला मोठा इतिहासग्रंथ लिहिला. शिक्षकाचा मुलगा वाचला म्हणून आपल्याला हे सगळं कळतं, याचं मला उगीचच बरं वाटतं. मीरान हुसेन वर्षभरही टिकला नाही. १५८९ मध्ये त्यालाही मारलं.

आता आमच्या पारनेर तालुक्यातल्या घरची न्हाणी सांगतो. परसात तीन बाजूंनी दगडी भिंत, चौथ्या बाजूला गोणपाटाचा पडदा, खाली एक मोठी धोंड. शेजारी तांब्याचा बंब. त्यात तुराट्या, बाभळीच्या ढलप्या, गोवरीचे तुकडे. खळ्याच्या दिवसांत आजोबा भुसकटाने माखून यायचे. दोन घंगाळं कढत पाणी, वजरीने टाचा घासायच्या आणि मग अंगावर पंचा घेऊन त्या धोंडेवर पाव तास नुसतं बसायचं. बंबाची धग पाठीला. त्या वेळात त्यांना कुणी काही विचारायचं नाही हा घरचा कायदा. फक्त आजी मधूनच स्वयंपाकघरातून ओरडायची, "पाणी पुरलं का?" आजोबा "हूं" म्हणायचे. माझ्या डोळ्यांसमोर ऐषआराम म्हटला की फराहबाग येत नाही, ती धोंड येते.

बाळंतिणीलाही तिथेच न्हाऊ घालायचे. मग खोलीत शेगडी आणि ओवा, बाळंतशेपांची धुरी. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, पूर्वी फिनलंडमध्ये बायका सौनातच बाळंत व्हायच्या आणि मेलेल्या माणसाला शेवटची अंघोळही तिथेच घालायचे.

आपल्याकडे हे नवं नाहीच. चरकसंहितेत स्वेदाचे, म्हणजे घाम काढण्याचे, तेरा प्रकार आहेत. त्यातला जेंताक स्वेद वाचून मी चकित झालो. जलाशयाच्या काठाजवळ गोल खोली बांधावी, भिंतीला लागून बसायला ओटा करावा, मधोमध मातीची भट्टी करून तीत खैराची लाकडं जाळावीत. सौनाच की! फरक एवढाच, की चरक सांगतो घाम आल्यावर एकदम गार पाण्याला जाऊ नये, थोडं थांबून कोमट पाण्याने न्हावं. फिनलंडची माणसं बर्फ फोडून तळ्यात उड्या मारतात. चरकाने कपाळाला हात लावला असता.

जुनं ते सगळं सोनं असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या न्हाणीचं पाणी ज्या विहिरीचं, तिच्यावर गावातल्या सगळ्यांना चढता येत नव्हतं. १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन पंचवीस-तीस वर्षं झाली होती तरीही. लहानपणी मला त्यात काही वावगं दिसलं नाही, हे लिहून ठेवलं पाहिजे. आणि १९७२च्या दुष्काळात तर त्या विहिरीचाही तळ दिसला. लोक दिवसभर खडी फोडून यायचे आणि ओल्या फडक्याने अंग पुसायचे. त्या वर्षी आठवड्यातून एकदा मिळणारी बादलीभर पाण्याची अंघोळ ही काय चीज होती, ते त्या पिढीलाच विचारावं.

असो. आमचा बंब आता दिवाणखान्यात आहे. सूनबाईने चिंचेने लख्ख घासून त्यात कागदी फुलं ठेवली होती. यंदा नातवाने हट्ट धरला म्हणून फुलं काढली आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे गच्चीवर बंब पेटवला. धूर फार झाला, शेजारच्या इमारतीतून दोघे डोकावूनही गेले. कढत पाणी बादलीने खाली आणलं. मी बाथरूममध्ये शिरलो, सवयीने हात वर गेला, कडी नव्हती. दार नुसतं लोटून घेतलं.

पाण्याला धुराचा तोच जुना वास होता. मी पाटावर बसून राहिलो. थोड्या वेळाने बाहेरून नातवाचा आवाज आला, "आजोबा, आहात ना? पाणी पुरलं का?"

"हूं," म्हटलं, आणि आणखी एक तांब्या घेतला.