पँथर कॉलेजातून आला

दलित पँथर हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पार्टीवरून आले, हे महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक आहे. पण ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी पक्ष काढला, तेव्हा तो पँथर त्यांचाही नव्हता. त्यांनी तो अलाबामातल्या लाउन्डस काउंटीकडून घेतला होता. आणि लाउन्डसकडे तो आला अटलांटाच्या क्लार्क कॉलेजातून. तिथल्या खेळाडूंच्या संघाचे ते बोधचिन्ह होते! हा दुवा सापडल्यापासून मला या चळवळींची सगळी वंशावळच वेगळी दिसू लागली आहे.

लाउन्डस हा सेल्मा आणि माँटगोमेरी यांच्या मधला जिल्हा. पाचांतली चार माणसे कृष्णवर्णीय, जमीन मूठभर गोऱ्या कुटुंबांची. १९६५ साल उजाडले तेव्हा मतदारयादीत एकाही कृष्णवर्णीयाचे नाव नव्हते. अलाबामात नाव नोंदवायला गेलेल्याची साक्षरतेची परीक्षा घेत, आणि पास कोण, नापास कोण, हे गोरा अधिकारी ठरवी. ज्यांना धड शाळा मिळू दिली नाही, त्यांनाच शिक्षणाची अट घालून मतापासून दूर ठेवायचे, असा हा बंदोबस्त. ऑगस्ट १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने ती परीक्षा थांबवली. नावे नोंदवली जाऊ लागली तशी जमीनमालकांनी कुळे हुसकली, आणि कित्येक कुटुंबांनी तंबूत दिवस काढले.

आता मत द्यायचे कोणाला? राज्यातल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह होते पांढरा कोंबडा आणि त्याच्यासोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा. विद्यार्थ्यांच्या ‘स्निक’ या संघटनेचे स्टोकली कार्मायकल आणि त्यांचे सहकारी तिथे काम करत होते. संघटनेचे संशोधक जॅक मिनिस यांनी राज्याच्या जुन्या कायद्यातून जिल्ह्यापुरता वेगळा पक्ष काढण्याची तरतूद शोधून काढली. पक्ष म्हटला की मतपत्रिकेवर चिन्ह आले. आपल्याकडे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनला हत्ती मिळाला, तो ज्या गरजेपोटी, तीच गरज इथेही होती: अक्षर न येणाऱ्याला आपला पक्ष ओळखू यावा. स्निकच्या रूथ हॉवर्ड यांनी आधी कबूतर सुचवले. ते फार मवाळ वाटले. मग त्यांनी क्लार्क कॉलेजचा पँथर पुढे केला.

पँथरच्या या उगमाला दोन प्रतिस्पर्धी कथा आहेत. पहिली लाउन्डसच्या पक्षाचे अध्यक्ष जॉन ह्युलेट यांची: पँथर स्वतःहून कोणाच्या वाटेला जात नाही, पण कोपऱ्यात कोंडला की झडप घालतो. स्पष्टीकरण सुंदर आहे, सभेत टाळ्या घेणारे आहे, पण ते चित्र निवडल्यावर त्याला चढवलेला अर्थ आहे, असे माझे ठाम मत आहे. प्राण्याचा स्वभाव पाहून निवड झाली असती, तर कबूतर आधी आले नसते. दुसरी कथा दुसऱ्या महायुद्धातल्या ७६१ व्या रणगाडा बटालियनची. कृष्णवर्णीय सैनिकांची ही तुकडी ब्लॅक पँथर म्हणूनच ओळखली जाई. पण नाव जुळले म्हणून नाते जुळत नाही; लाउन्डसच्या मतपत्रिकेकडे येणारी वाट अटलांटाहूनच निघते.

क्लार्कची स्थापना १८६९ ची, मेथडिस्ट चर्चने मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी केलेली. जी माणसे तिथून शिकून बाहेर पडली, त्यांच्यासाठी तो पँथर आपल्या माणसांच्या संस्थेचा होता, कोणा गोऱ्याने दिलेला नव्हता. म्हणूनच तो हाताशी होता, असे मला वाटते. इकडे लाउन्डसमध्ये स्निकने पुढे शेरीफची, करनिर्धारकाची कामे समजावणाऱ्या चित्रमय पुस्तिका काढल्या. नोव्हेंबर १९६६ मध्ये पक्षाचे सातही उमेदवार पडले. पण १९७० मध्ये ह्युलेट स्वतः शेरीफ झाले.

मुंबईत १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने हे नाव घेतले. तीही बरीचशी कॉलेजांनी घडवलेली पिढी. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद ही महाविद्यालये काढली. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात कविता, भांडणे आणि वर्तमानपत्रे एकत्र नांदत. ओकलंडची बातमी इथे पोचली ती वाचणाऱ्या पोरांमार्फत, याबद्दल मला शंका नाही. क्लार्कचे नाव त्यांच्या कानावर गेले नसेलही. पण बहिष्कृतांच्या कॉलेजातून निघालेले चिन्ह बहिष्कृतांच्याच कॉलेजातल्या मुलांनी उचलले, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

प्रवासात एक गोष्ट मात्र उलटली. लाउन्डसमध्ये पँथर मतपत्रिकेसाठी जन्मला होता. मुंबईत जानेवारी १९७४ च्या मध्य मुंबई पोटनिवडणुकीत दलित पँथरने बहिष्काराची हाक दिली. त्याच दिवसांत वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली, आणि १० जानेवारीच्या मोर्चात पँथरचे कार्यकर्ते भागवत जाधव मारले गेले.