हत्तीच्या पोटातलं तेल

नाशिकच्या द्वारका चौकातून मुंबईच्या रस्त्याला लागलं की शहर सरता सरता डाव्या हाताला पांडवलेण्यांचा डोंगर येतो. तिथल्या दहाव्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला एक लेख आहे. विष्णुदत्ता या शक उपासिकेने त्रिरश्मी, म्हणजे याच डोंगरावरच्या आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी गोवर्धनच्या कारागिरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली. त्या श्रेणींची नावं तिथे कोरली आहेत: कुलरिक म्हणजे कुंभार, तिलपिषक म्हणजे तेली आणि तिसरे ओदयंत्रिक, पाण्याची यंत्रं करणारे. आज जेवणाच्या टेबलावर नाजूक दिवा टांगून आपण खोलीला जी निवांत कळा आणतो, तिची कुळी मी तेली आणि ओदयंत्रिकांच्या या शेजाराला लावतो.

मधला दुवा आहे एक हत्ती. मुंबईत जोगेश्वरीच्या लेण्यांपाशी सापडलेला, साखळीला टांगायचा हा ओतीव दिवा आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तो साधारण आठव्या-नवव्या शतकातला मानतात. हत्तीचं पोट हीच तेलाची टाकी. अशा दिव्यांत टाकी वरून हवाबंद असते आणि तिची नळी खालच्या तबकातल्या तेलात बुडालेली असते. वात तेल पिते, पातळी नळीच्या तोंडाखाली उतरते, हवेचा बुडबुडा वर शिरतो आणि तेवढंच तेल खाली येतं. तोंड पुन्हा बुडालं की धार थांबते. कोंबड्यांच्या खुराड्यात उलटी ठेवलेली पाण्याची बाटली हेच करते.

खोलीशी याचा थेट संबंध आहे. साध्या पणतीत तेल खाली गेलं की वातीला ते खोलातून ओढावं लागतं, ज्योत बारीक होते, भिंतीवरच्या सावल्या बदलतात. पातळी स्थिर राहिली की ज्योतीची उंची टिकते आणि खोलीचा भावही टिकतो. नंदादीपाची शांतता भक्तीइतकीच या नळीच्या मापातून येते, असं माझं ठाम मत आहे.

आता खरा वाद. ओदयंत्रिक नेमके कोण? हे लेख वाचणाऱ्या एमिल सेनार्टनी पाण्याची यंत्रं, घटिकायंत्रं किंवा तसंच काही करणारे, असा मोघम अर्थ दिला. काहींना ते रहाट बांधणारे वाटतात. रहाट मानला तर माझी बाजू लंगडी पडते, कारण रहाट पाणी उपसतो, मोजत नाही. पण रहाट हे लाकूडकाम, आणि सुतारासाठी त्या काळी ‘वढकी’ हा शब्द होता. कार्ल्याच्या लेखांत तो आलेला आहे. मग वेगळ्या नावाची, ठेव सांभाळण्याइतकी पत असलेली श्रेणी कशाला? थेंबाथेंबाने धार मोजणाऱ्यांची ती असणार. अशा माणसाने शेजारच्या तेल्याच्या मालावर हात चालवून पाहिला नसेल, हे मला पटत नाही.

दुसरा दावेदार परदेशी आहे. बायझँटियमच्या फिलोने इसवी सनापूर्वीच तेलाची पातळी आपोआप राखणारा दिवा वर्णिला. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा भावंडांनीही असे दिवे लिहून ठेवले. कल्पना बाहेरून आली म्हणणाऱ्यांना पुरावा याच डोंगरात मिळतो: सतरावं लेणं दत्तामित्रीच्या इंद्राग्निदत्त या यवनाचं, म्हणजे ग्रीकाचं, दान आहे. युक्ती यवनांकडून कानावर आली असेल, हे मी मान्य करतो. पण तिला हत्तीच्या पोटात बसवून छताला टांगणारे हात इथलेच. मधल्या पाच शतकांचा दिवा दाखवा, असं कुणी विचारेल. माझं उत्तर साधं आहे: जुनं पितळ मोडीत जातं आणि त्याचं नवं भांडं होतं.

पुढचा पुरावा बाजारात टांगलेला आहे. लामणदिवा हातात घेऊन पाहा: वर कडी, मग साखळी, मग मोर किंवा हत्ती आणि त्याखाली वातींच्या चोचींचं तबक. आज तो मोर निव्वळ शोभेचा असतो, पण बसतो बरोबर जुन्या टाकीच्या जागी. काम गेलं, आकार राहिला.

त्यानंतर वाड्यांत काचेच्या हंड्या आणि झुंबरं आली, मग रॉकेलचे दिवे, मग वीज. विजेने एक गोष्ट उलटी केली. तेलाच्या दिव्याखाली तबकाची सावली पडे आणि उजेड भोवती पसरे. पाटावर बसलेली माणसं त्या कड्यात येत. आताच्या टांगत्या दिव्याची टोपी उजेड खाली सोडते आणि छत अंधारात ठेवते. म्हणून तो टेबलापासून 75 ते 90 सेंटिमीटरवर लावतात: ताट उजळतं, डोळे दिपत नाहीत, खोली जवळ आल्यासारखी वाटते. ज्योतीचा रंग 1900 केल्विनच्या आसपास, उबदार बल्ब 2700चा आणि पांढरी ट्यूब 6500ची. यातला 2700चा बल्ब ज्योतीच्या जास्त जवळचा, म्हणून जेवणघरात तोच शोभतो.

तेव्हा दिवा निवडताना साखळीची नक्षी नंतर बघा. आधी तो किती खाली येतो, कुठे अंधार ठेवतो आणि लुकलुकतो का, हे तपासा. गोवर्धनच्या कारागिरांनीही गिऱ्हाइकाला हेच सांगितलं असतं.