पहाऱ्यावरचा माणूस आणि बोटभर चिप

सूर्याच्या उष्णतेवर इंजिन चालवून दाखवण्याचा प्रयोग मुंबईत दीडशे वर्षांपूर्वीच झाला होता. उच्च न्यायालयात उपनिबंधक असलेल्या विल्यम अ‍ॅडम्स या ब्रिटिश गृहस्थांनी कुलाब्यातल्या आवारात सपाट आरशांची अर्धवर्तुळाकार रांग उभी केली. साऱ्या आरशांचे कवडसे त्यांनी एका बॉयलरवर पाडले आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालवले. १८७८ मध्ये त्यांनी या खटाटोपावर पुस्तकही छापले. इंजिनांचा कोळसा विलायतेहून बोटीने यायचा, त्या काळात ही कल्पना वेडगळ म्हणण्याजोगी नव्हती.

अडचण एकच होती. सूर्य एका जागी थांबत नाही. म्हणून आरशांचा सांगाडा रुळावर बसवला होता आणि दिवसभर तो थोडाथोडा ढकलायला एक माणूस ठेवला होता. अ‍ॅडम्सचे नाव इतिहासात राहिले, ढकलणाऱ्याचे कोणी लिहून ठेवले नाही. घरच्या घरी ऊन-वाऱ्यापासून शक्ती मिळवण्याचा पुढचा सगळा इतिहास मात्र त्या माणसाच्या जागी कोणाला उभे करायचे, याच प्रश्नाभोवती फिरत राहिला. ऊन फुकट, वारा फुकट. पहारा मात्र फुकट नाही.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात चार्ल्स ब्रश या धनाढ्य संशोधकाने १८८७-८८ च्या हिवाळ्यात आपल्या बंगल्यामागे पवनचक्की बांधली. चक्राचा व्यास १७ मीटर, देवदाराची १४४ पाती आणि १२ किलोवॉटचा डायनॅमो. तळघरात बॅटरीच्या ४०८ घटांची रांग होती. घरातले साडेतीनशे दिवे त्यांवर लागत. पात्यांचे फोटो आजही छापले जातात, पण खरी करामत आतल्या स्विचांत होती. वारा पडला की डायनॅमोचा विद्युतदाब उतरतो आणि वीज उलटी, बॅटरीकडून डायनॅमोकडे वाहू लागते. रात्रभर साठवलेले सगळे तासाभरात वाया. वारा फार सुटला तर दाब चढतो आणि दिवे जळतात. ब्रशच्या यंत्रणेत डायनॅमो ठरावीक वेगाला पोहोचला की आपोआप जोडला जाई आणि दाब ९० व्होल्टच्या पुढे जाऊ नये याचीही सोय होती. हा माणूस दिव्यांच्या आणि डायनॅमोच्या धंद्यात मुरलेला होता, म्हणूनच त्याला ते जमले. चक्की वीस वर्षे चालली.

त्याच सुमारास स्कॉटलंडमधल्या मेरीकर्क गावी प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनीही सुटीतल्या घरासाठी कापडी शिडांची चक्की उभारली. उरलेली वीज गावच्या रस्त्यावर दिवे लावायला देऊ केली, तर गावकऱ्यांनी ती सैतानाची करणी ठरवून नाकारली. डेन्मार्कमध्ये आस्कोव्ह येथे पोल ला कूर या शिक्षकाने १८९१ पासून वेगळी वाट धरली. बॅटऱ्या महाग, म्हणून त्याने वाऱ्याच्या विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठवला आणि शाळेत त्या वायूचे दिवे लावले. स्फोट होऊन शाळेच्या खिडक्या एकदा नव्हे, अनेकदा फुटल्या. ला कूरचे टिकाऊ काम वेगळेच आहे. वाऱ्याच्या झोतांतला चढउतार समतोल करणारा ‘क्राटोस्टाट’ नावाचा यांत्रिक नियंत्रक त्याने बनवला, आणि १९०४ पासून खेड्यातल्या पोरांना वीजकाम शिकवायला वर्ग घेतले. यंत्र विकून भागत नाही, गावात ते राखणारा हवा, हे त्याला कळले होते.

१९२० च्या दशकात पहाऱ्याचे काम रिलेने उचलले. मोंटाना राज्यातल्या ओसाड कुरणांवर वाढलेल्या मार्सेलस आणि जो जेकब्स या भावांनी विमानाच्या पंख्यासारखी तीन पात्यांची चक्की बनवली आणि शेतकऱ्यांना विकायला सुरुवात केली. अ‍ॅडमिरल बर्डच्या १९३३ च्या दक्षिण ध्रुव मोहिमेबरोबर त्यांची एक चक्की अंटार्क्टिकातही गेली. या साऱ्या यंत्रांच्या पोटात ‘कटआउट’ नावाचा एक रिले असे. जुन्या फियाट-अ‍ॅम्बॅसिडर खोललेल्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनला हा शब्द माहीत असतो: लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेचे वेटोळे, समोर एक पत्ती, पत्तीवर दोन पॉइंट. डायनॅमोचा दाब पुरेसा झाला की पत्ती ओढली जाते, उतरला की सुटते. पॉइंट ठिणग्यांनी काळे पडतात, मग ते सँडपेपरने घासावे लागतात. कधी चिकटून बसतात आणि बॅटरीच डायनॅमोला मोटर करून फिरवू लागते. वारा नाही आणि चक्की मात्र गरागरा फिरते आहे, असे दिसले की शेतकऱ्याने शिडी चढायची.

अमेरिकेत १९३६ चा ग्रामीण विद्युतीकरण कायदा आला, सरकारी तारा शेतापर्यंत पोहोचल्या आणि घरच्या चक्क्या भंगारात गेल्या. त्या वाईट होत्या म्हणून नव्हे. बटण दाबले की दिवा लागतो आणि शिडी चढावी लागत नाही, या सुखापुढे कोणाचे काही चालत नाही.

२५ एप्रिल १९५४ रोजी बेल लॅबोरेटरीजने सिलिकॉनचा सौर घट जगाला दाखवला. पडलेल्या उन्हापैकी सहा टक्के तो विजेत बदलत असे. पुढच्याच वर्षी जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस गावाजवळ खांबावर असे घट बसवून टेलिफोनच्या तारेला वीज पुरवली गेली. सौर पॅनेलने कटआउटची अर्धी नोकरी घालवली. रात्री पॅनेलकडे उलटी वाहणारी वीज अडवायला एक डायोड पुरतो; तो चिकटत नाही, घासावाही लागत नाही. उरलेली अर्धी नोकरी राहिली: बॅटरी भरली की थांबवायची. शिशाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला साधारण १४.४ व्होल्टच्या पुढे रेटत राहिले की आतले पाणी बुडबुडे होऊन उडते, प्लेटा उघड्या पडतात आणि दहा वर्षांची आशा दोन वर्षांत संपते. उलट बॅटरी अर्धवट भरलेली ठेवली की प्लेटांवर सल्फेट बसते. सौरऊर्जेच्या नावाने जेवढे शिव्याशाप दिले गेले, त्यातले बहुतेक खरे तर बॅटरीच्या वाट्याचे होते.

भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने १९७७ मध्ये सौर घट आणि १९७८ मध्ये पॅनेल तयार केले. त्यानंतर सरकारी योजनांतून गावोगाव सौर दिव्यांचे खांब उभे राहिले. यातले कितीतरी खांब पॅनेल शाबूत असूनही अंधारात गेले, कारण पेटीतली बॅटरी मेली होती नाहीतर तिच्या राखणदार सर्किटचा, म्हणजे चार्ज कंट्रोलरचा, एखादा ट्रान्झिस्टर उडाला होता; तो बदलणारा माणूस तालुक्यातही नव्हता. राजस्थानात अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनिया गावच्या बेअरफूट कॉलेजने नेमके हेच दुखणे धरले. तिथे अक्षरओळख नसलेल्या बायका चार्ज कंट्रोलरच्या पाटीवर सोल्डर मारायला शिकल्या. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे वाचायला अक्षरे लागत नाहीत, रंग ओळखता आले की झाले. पुढे आफ्रिकेतल्या आज्याही सहा-सहा महिने येऊन शिकून गेल्या. आयआयटी मुंबईने २०१४ मध्ये दहा लाख सौर अभ्यासदिव्यांचा प्रकल्प काढला, त्यात महाराष्ट्रातल्या गावांतही दिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती स्थानिक लोकांच्याच हाती दिली. ला कूरच्या वर्गाशी या दोन्ही प्रयत्नांचे नाते सरळ आहे.

घरी खटपट करणाऱ्यांची जमातही याच काळात वाढली. अमेरिकेत ओरेगन राज्यातून १९८७ मध्ये ‘होम पॉवर’ नावाचे नियतकालिक सुरू झाले आणि २०१८ पर्यंत चालले. वाचक त्यात आपापली चार्ज कंट्रोलरची सर्किटे छापायला पाठवत. स्कॉटलंडच्या स्कोरेग या मोटाररस्ता नसलेल्या द्वीपकल्पावर ह्यू पिगट भंगारातल्या गाड्यांच्या ब्रेक-ड्रमपासून पवनचक्क्या बनवू लागला आणि त्याच्या पुस्तिका जगभर पोहोचल्या. पण सर्किट म्हणजे तोवर एकदा ठरवले ते कायमचे असे. व्होल्टेजची मर्यादा बदलायची तर पोटेन्शिओमीटर पिळा, नवी सोय हवी तर नवी पाटी करा.

ही गाठ सुटली इटलीतल्या इव्हरेया गावी, आणि ती ऊर्जेसाठी सोडवलेली नव्हतीच. टाइपरायटरवाल्या ऑलिव्हेटीच्या या गावात इंटरॅक्शन डिझाइनची एक संस्था होती. तिथल्या विद्यार्थ्यांना परवडतील असे मायक्रोकंट्रोलरचे, म्हणजे एकाच चिपमधल्या छोट्या संगणकाचे, बोर्ड मिळत नव्हते. एर्नान्दो बारागान या विद्यार्थ्याने २००३ मध्ये ‘वायरिंग’ नावाची प्रणाली रचली. त्या पायावर मास्सिमो बान्झी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘आर्डुइनो’ बोर्ड काढला आणि त्याची रचना सर्वांना खुली केली. नाव पडले गावातल्या एका बारवरून. पुढे त्यावर बसलेल्या एटीमेगा ३२८ चिपची कामापुरती स्मृती (रॅम) जेमतेम २ किलोबाइट. पण पहारेकऱ्याला पाठांतर कशाला हवे? त्याने सतत बघत राहिले म्हणजे झाले.

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असा बोर्ड आणि चार सुटे भाग घेऊन बनवलेला चार्ज कंट्रोलर कसा चालतो, ते बघण्यासारखे आहे. चिपला पाच व्होल्टच्या वरचे काही सोसत नाही. म्हणून बॅटरीचा दाब दोन रेझिस्टरांत विभागून तिच्यापुढे ठेवतात. ती तो ० ते १०२३ अशा आकड्यात मोजते, गुणाकार करून खरे व्होल्ट काढते आणि बॅटरी भरत आली की मॉसफेट या इलेक्ट्रॉनिक स्विचला सेकंदात शेकडो वेळा बंद-चालू करून विजेची धार बारीक करते. कटआउटची पत्ती करायची तेच काम, पण तिला ‘ओढ’ आणि ‘सोड’ एवढेच ठाऊक होते. चिपला मधल्या साऱ्या पायऱ्या कळतात. शिवाय थंडीत बॅटरी थोडा जास्त दाब मागते आणि उन्हाळ्यात कमी, हेही प्रोग्रामच्या दोन ओळींत सांगता येते. पहिल्या प्रयत्नात मॉसफेट तापून जळतो तो बहुधा हीटसिंकच्या कंजूषीमुळे. चिपचा त्यात दोष नसतो.

या चिपांचा सर्वांत चतुर घरगुती उपयोग ब्रिटनमध्ये झाला आणि तो सरकारी नियमातल्या एका फटीतून. एप्रिल २०१० पासून तिथे छतावरच्या सौर विजेच्या प्रत्येक युनिटला सुरुवातीला ४१.३ पेन्स मिळू लागले. बाहेर किती वीज गेली हे मोजायला बहुतेक घरी वेगळे मीटर नव्हते, म्हणून निम्मी गेली असे धरून तिचे पैसे मिळत. याचा अर्थ, बाहेर एकही युनिट सोडले नाही तरी कमाई तीच! मग उरलेल्या विजेवर अंघोळीचे पाणी का तापवू नये?

पण हीटर ३ किलोवॉटचा आणि दुपारची शिल्लक, समजा, ८०० वॉटची. बटण दाबले की उरलेले २२०० वॉट बाहेरून विकत येणार. हौशी मंडळींनी मीटरच्या स्वभावाचा अभ्यास केला. अनेक डिजिटल मीटर एक वॉट-तास, म्हणजे ३६०० ज्यूल, एवढ्या आत-बाहेरीची नोंदच घेत नव्हते. ३ किलोवॉटचा हीटर विजेच्या एका आवर्तनात, २० मिलिसेकंदांत, ६० ज्यूल खातो. म्हणून चिपने शिल्लक ज्यूल मोजत राहायचे, पुरेसे साठले की ट्रायॅक या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून हीटरला काही आवर्तने द्यायची, पुन्हा थांबायचे. मीटरच्या दृष्टीने घर ना घेते ना देते. उत्तर वेल्समध्ये ग्लिन हडसन आणि ट्रिस्टन ली यांनी सुरू केलेल्या ‘ओपन एनर्जी मॉनिटर’ प्रकल्पाच्या आसपास अशी उपकरणे घडली. तारेला नुसता चिमटा लावून प्रवाह मोजणारा सेन्सर त्यांच्यामुळे हौशी लोकांच्या हाती रुळला. हीटरच्या या चालू-बंदीने घरातले दिवे लुकलुकत, आणि घरची मंडळी त्याबद्दल काय म्हणत असतील याची कल्पना कुणालाही करता येईल.

महाराष्ट्रात हीच युक्ती जशीच्या तशी उचलली तर हाती फारसे काही लागत नाही. नेट मीटरिंगमध्ये बाहेर दिलेले युनिट बिलातल्या युनिटापोटी वळते होते. मग ते पाण्यात तापवून संपवण्यापेक्षा महावितरणच्या तारेत सोडलेले बरे. इथली अडचण निराळी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे लक्ष्य एक कोटी घरांचे आहे आणि गावोगाव छते पॅनेलने भरू लागली आहेत. भर दुपारी लाइट जाते, डोक्यावर तीन किलोवॉटचे पॅनेल तळपत असते आणि पंखा मात्र बंद. नव्या ग्राहकाला हा अन्याय वाटतो, तो बसवणाऱ्याला फोन करतो. ग्रीडला जोडलेल्या इन्व्हर्टरने वीज जाताच बंद पडायचेच असते. तो चालू राहिला तर घरची वीज बाहेरच्या तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

यावर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर हा बाजाराचा उपाय, आणि तो महाग. हौशी माणसाचा उपाय लहान असतो: छताच्या कोपऱ्यात शंभर वॉटचे वेगळे पॅनेल, घरच्या तारांना कुठेही न जोडलेले, खाली इन्व्हर्टरमधून काढलेली पण अजून दम असलेली बॅटरी, मध्ये आर्डुइनो किंवा वाय-फाय अंगातच असलेली ईएसपी चिप. त्यावर दोन एलईडी पट्ट्या, डीसी पंखा आणि इंटरनेटचा राउटर. ठरवलेल्या व्होल्टखाली दाब आला की चिप आधी पंखा तोडते, मग एक पट्टी; राउटर शेवटी. हा क्रम कोणता ठेवायचा, यावरच घरात सर्वांत जास्त वाद होतो.