सेमान्गमच्या छावणीचा अखेरचा दिवस

बालवीरांच्या मोठ्या मेळाव्याचा अखेरचा दिवस म्हटला की शेकोटी, ध्वजावतरण, बिल्ल्यांची देवघेव आणि नव्या मित्रांचा जड अंतःकरणाने घेतलेला निरोप डोळ्यांपुढे येतो. दक्षिण कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर सेमान्गम येथे २०२३ साली पंचविसावा जागतिक मेळावा भरला, त्याच्या छावणीला असा निरोप लाभला नाही. १२ ऑगस्टपर्यंत राहावयाची ती छावणी ८ ऑगस्टलाच उठली. खानून नावाचे वादळ येत होते. सकाळपासून हजारावर बसगाड्या लागल्या आणि सुमारे ३७ हजार माणसे, त्यांत बहुतेक चौदा ते सतरा वर्षांची मुले-मुली, तंबू गुंडाळून सोल व इतर शहरांकडे निघाली.

झाल्या प्रकाराचा दोष वादळाच्या माथी मारणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. खानून कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले ते १० तारखेला. त्याआधी आठवडाभर छावणीचे हाल चालूच होते. पारा ३५ अंशांच्या आसपास, उद्घाटन समारंभातच शंभरावर माणसे उष्म्याने आजारी पडलेली, सावलीला झाड नाही, आणि तंबूंच्या बुडाशी साचलेले पाणी! ब्रिटनची साडेचार हजारांची तुकडी तर वादळाची वार्ता पक्की होण्यापूर्वीच छावणी सोडून गेली होती.

असे का घडले, याचे उत्तर त्या जमिनीच्या इतिहासात आहे. सेमान्गम ही मुळात जमीनच नव्हे. दोन नद्यांच्या मुखाशी ओहोटीला उघडी पडणारी ती अफाट चिखलवट होती. तिच्यावर शिंपल्या वेचणाऱ्या बायांचा संसार चाले आणि दूरदेशी जाणारे लक्षावधी किनारी पक्षी वाटेत तेथे उतरत. १९९१ साली सरकारने भातशेतीच्या नावाखाली समुद्राला बांध घालावयास घेतला. (त्याच वर्षी कोरियातच, सोराक पर्वताच्या परिसरात, सतरावा जागतिक मेळावा भरला होता.) २००३ मध्ये एक बौद्ध भिक्षू, एक कॅथॉलिक धर्मगुरू आणि त्यांचे इतर धर्मांचे सहकारी या चिखलवटीपासून सोलपर्यंत, तीन पावले चालून एक साष्टांग नमस्कार अशा रीतीने, ६५ दिवस चालत गेले. बांध थांबला नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विरोधकांचा दावा फेटाळला व पुढच्याच महिन्यात समुद्राची वाट बंद झाली. बांधाची लांबी जवळजवळ ३४ किलोमीटर! गोव्यातील खाजनाची शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे विपरीत वाटेल. तेथे बांध असला तरी मानशीच्या दारातून भरती-ओहोटीची ये-जा राखलेली असते.

२०१७ साली मेळाव्याचा मान कोरियाला मिळाला, तेव्हा छावणीची जागा अजून भरायचीच होती. प्रांताला मेळाव्याइतकीच, किंबहुना अधिक, ओढ होती ती त्याच्या निमित्ताने येणाऱ्या रस्त्यांची व विमानतळाची. भराव घातला तो शेतजमीन म्हणून. शेत सपाट लागते, पाणी धरून ठेवणारे लागते. तंबूला उतार व निचरा हवा. ज्या मातीत भात उभे राहावे त्या मातीत मुलांना झोपविले, आणि पाण्याच्या वर राहावे म्हणून तंबूखाली प्लॅस्टिकचे पाट दिले. चार वर्षांचे पोर जे ओळखील ते ओळखावयास इतक्या अधिकाऱ्यांना जमू नये, हे आश्चर्यच.

१९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी वीस-एक मुलांना घेऊन पहिली छावणी लावली, तीही समुद्राच्याच सान्निध्यात. वारा, लाकूड व पाणी पाहून जागा निवडणे हा बालवीरांच्या शिक्षणाचाच भाग मानला जातो. सेमान्गमला मुलांच्या वाट्याला निवड आलीच नाही.

समारोप ११ ऑगस्टला सोलच्या क्रीडांगणात, गायकांच्या मोठ्या जलशाने झाला. पुढील मेळाव्याचा मान पोलंडमधील ग्दान्स्कला मिळाला आहे. सेमान्गमच्या विमानतळाचा आराखडा सप्टेंबर २०२५ मध्ये सोलच्या प्रशासकीय न्यायालयाने रद्द ठरविला. पक्ष्यांचा धोका व शेजारच्या उरलेल्या चिखलवटीची हानी यांचा पुरेसा विचार झालेला नाही, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. सरकारने त्या निकालावर अपील केले.