सेरामाइड

सेरामाइड हा मेदवर्गातील रेणूंचा समूह आहे. प्राणी, वनस्पती व कवक यांच्या पेशींत तो आढळतो. मानवी त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरात सेरामाइडे विपुल असून ती शरीरातील पाणी टिकवून धरतात. जिवंत पेशीत मात्र ती संदेशवाहकाचेही कार्य करतात.

रचना व निर्मिती

स्फिंगोसीन ह्या लांब साखळीच्या अमिनो-अल्कोहोलाला मेदाम्ल अमाइड बंधाने जोडले गेले की सेरामाइड तयार होते. मेदाम्लाच्या लांबीनुसार त्याचे अनेक प्रकार होतात. स्फिंगोसीन हे नाव योहान थुडिकम यांनी १८८४ मध्ये ग्रीक पुराणातील कोडी घालणाऱ्या स्फिंक्सवरून दिले. पेशीतील अंतर्द्रव्यजालिकेत सेरामाइड तयार होते. तेथून ते गॉल्जी पिंडाकडे जाते व त्यापासून स्फिंगोमायलिनसारखे पेशीपटलाचे घटक बनतात.

पेशीतील कार्य

किरणोत्सर्ग, उष्णता किंवा काही औषधे यांमुळे पेशीवर ताण आला की विकरे स्फिंगोमायलिनाचे विघटन करतात आणि सेरामाइडाचे प्रमाण वाढते. अशा वेळी पेशीची वाढ थांबते किंवा तिचा नियोजित मृत्यू घडतो. सेरामाइडापासूनच पुढे बनणारे स्फिंगोसीन-१-फॉस्फेट याउलट पेशीला जगण्यास साहाय्य करते. ह्या दोहोंतील समतोल महत्त्वाचा असतो. सेरामाइडाचे विघटन करणारे विकर जन्मतः सदोष असल्यास फार्बर रोग हा दुर्मीळ विकार होतो. त्यात सांधे सुजतात, त्वचेखाली गाठी येतात व आवाज घोगरा होतो.

त्वचेतील कार्य

त्वचेच्या बाह्यतम थराची, म्हणजे शृंगस्तराची, तुलना विटांच्या भिंतीशी केली जाते. मृत पेशी ह्या विटा, तर त्यांमधील मेद हा चुना होय. ह्या मेदात वजनाने सुमारे निम्मा वाटा सेरामाइडांचा असतो. उर्वरित भाग मुख्यतः कोलेस्टेरॉल व मुक्त मेदाम्ले यांचा असतो. त्वचेतील काही विशिष्ट सेरामाइडांसाठी लिनोलेइक आम्ल आवश्यक असते. शरीर ते स्वतः बनवू शकत नाही, आहारातूनच मिळवावे लागते. सोलापूर व मराठवाड्यात पिकणाऱ्या करडईच्या तेलात ते भरपूर असते.

वाढत्या वयात, तसेच ॲटोपिक इसब ह्या विकारात त्वचेतील सेरामाइडे घटतात. परिणामी पाणी अधिक प्रमाणात उडून जाते, त्वचा कोरडी पडते व खाज सुटते. अतिशय गरम पाणी आणि अल्कधर्मी साबणाचा वारंवार वापर यांमुळेही मेदाचा हा थर दुर्बल होतो. कोकण किनाऱ्याच्या दमट हवेपेक्षा दख्खनच्या पठारावरील कोरड्या हिवाळ्यात हा त्रास अधिक जाणवतो.

त्वचानिगेतील वापर

त्वचेच्या मलमांतील सेरामाइडे गहू किंवा तांदूळ यांपासून, यीस्टच्या किण्वनाने अथवा कृत्रिमरीत्या मिळवली जातात. केवळ सेरामाइडापेक्षा कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांच्यासह योग्य प्रमाणात केलेले मिश्रण त्वचेचे आवरण सावरण्यास अधिक उपयुक्त मानले जाते. आंघोळीनंतर त्वचा किंचित ओलसर असतानाच मलम लावल्यास ओलावा टिकतो. अशा मलमाने बाहेरची भिंत सावरते, मात्र इसबाचा दाह शमविणाऱ्या औषधाची जागा ते घेऊ शकत नाही. त्वचा चिघळली असल्यास किंवा खाज न थांबल्यास त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला घेणे आवश्यक ठरते.