सेंटर स्पीकरची जागा : पडद्यामागून शोकेसपर्यंत

पडद्यावरचे पात्र बोलते तेव्हा आवाज त्याच्या तोंडूनच आला पाहिजे, ही अपेक्षा बोलपटाइतकीच जुनी आहे. होम थिएटरमधला सेंटर स्पीकर तिच्याचसाठी असतो. घरात तो टीव्हीच्या खाली किंवा वर बसवतात. पण त्याची मूळ जागा पडद्यामागची.

मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ लागला आणि पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. मूकपटाला साथ करणारे वादक पडद्यासमोर बसत, आणि त्यात कोणाला काही खटकत नसे. संवादांचे तसे नव्हते. आवाज बाजूने आला की बोलणाऱ्याचे ओठ आणि त्याचे शब्द यांची फारकत होई. म्हणून बोलपटगृहांत पडद्याला बारीक छिद्रे पाडून त्यामागे मधोमध मोठे भोंगे बसवण्याची पद्धत पडली. त्यांची उंची पडद्याच्या साधारण दोन-तृतीयांशावर ठेवली जाई, कारण जवळच्या दृश्यांत चेहरे तिथे येतात. ध्वनिपट्टी एकच असल्याने संवाद, गाणी, पावले, सगळे त्याच एका जागेतून ऐकू येई.

एकाहून अधिक मार्गांचा (चॅनलचा) ध्वनी आल्यावरही मधला भोंगा गेला नाही, आणि या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. २७ एप्रिल १९३३ रोजी बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियातल्या वाद्यवृंदाचे वादन तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवले. त्यासाठी डावा, मधला आणि उजवा असे तीन मार्ग वापरले होते. कारण रुंद रंगमंचावर दोनच स्पीकर लांब ठेवले, तर मधली जागा रिकामी वाटते. १९५३ मध्ये ‘द रोब’ या पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटात पडद्यामागे तीन मार्ग आणि प्रेक्षागृहासाठी चौथा, अशी रचना आली. भारतात ‘कागज के फूल’ने १९५९ मध्ये सिनेमास्कोप आणला, १९७५ च्या ‘शोले’ने सत्तर एमएमच्या पडद्यासोबत स्टिरिओ ध्वनीची भव्यता मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत पोहोचवली.

घरी मात्र उलट घडले. ग्रामोफोन आणि टेपरेकॉर्डरच्या परंपरेतून दोन स्पीकरचा स्टिरिओ आला. त्यात मधला आवाज हा कानांना होणारा भास असतो आणि बरोबर मध्यभागी बसणाऱ्यालाच तो नीट होतो. जरा बाजूला सरकले की संवाद जवळच्या स्पीकरकडे ओढले जातात. डॉल्बीच्या १९८२ च्या घरगुती सराउंड पद्धतीतही स्वतंत्र मधला मार्ग नव्हता. तो १९८७ मध्ये डॉल्बीच्याच प्रो लॉजिक पद्धतीसह आला आणि डीव्हीडीच्या ५.१ ध्वनीने घरोघरी पोहोचला.

आता अडचण जागेची झाली. टीव्हीच्या पडद्याला छिद्रे नसतात, म्हणून स्पीकर पडद्याच्या वर किंवा खाली ठेवणे भाग पडले आणि कमी उंचीत मावावा म्हणून त्याला आडवे केले गेले. आडव्या पेटीत ट्वीटरच्या (उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरच्या) दोन्ही बाजूंना सारखे वूफर (खालच्या स्वरांचे मोठे स्पीकर) असले, तर कडेला बसणाऱ्याला काही स्वर क्षीण ऐकू येतात. दुकानात हे सहसा कोणी सांगत नाही. दिलासा एवढाच, की दोन्ही कान एकाच उंचीवर असल्याने वर-खालचा फरक माणसाला डाव्या-उजव्याइतका काटेकोर कळत नाही आणि हलणारे ओठ आवाजाला आपल्याकडे खेचतात. म्हणून पडद्याला लागून खाली ठेवलेला स्पीकर चालून जातो, एका बाजूला सरकवलेला चालत नाही.

 एखाद्या जुन्या गावात बैठकीची खोली लहान असली, टीव्ही शोकेसमध्ये किंवा भिंतीवर असला आणि घरची माणसे, शेजारीपाजारी मिळेल तिथे बसली, तर मध्यभागाची जागा एखाद्यालाच मिळते. सेंटर स्पीकरची खरी गरज तिथेच असते. तो शोकेसच्या कप्प्यात आत ढकलला की आवाज घुमतो आणि शब्द अस्पष्ट होतात. त्याचा दर्शनी भाग फळीच्या कडेशी जुळवावा आणि पुढची बाजू किंचित उचलून तोंड बसणाऱ्यांच्या कानांकडे करावे. टीव्ही खूप खाली असेल तर स्पीकर वर ठेवून तोंड खाली झुकवावे. डाव्या-उजव्या स्पीकरचे ट्वीटर शक्यतो त्याच्याच उंचीच्या जवळ असावेत. यांपैकी काहीच जमत नसेल, तर सेंटर स्पीकर भलत्या कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा दोनच चांगले स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना जवळ ठेवणे बरे.